पुढच्या टप्प्यापुरती भाकरी: कोल्हापुरातला दुःखसहनाचा आठवडा

बुधवार

दुपारी पुण्यात कोयना एक्सप्रेस पकडली. डबा ज्योतिबाला निघालेल्या मंडळींनी भरलेला. सीटखाली गुलालाची पोती, वर रॅकवर नारळांच्या पिशव्या, आणि साताऱ्यापासून अधूनमधून 'चांगभलं'चा गजर. यंदा चैत्र पौर्णिमा गुरुवारी आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, लगेच दुसऱ्या दिवशी. यात योगायोग फारसा नाही. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, पौर्णिमेवरूनच ठरतो, त्यामुळे ज्योतिबाची यात्रा आणि आमचा दुःखसहनाचा आठवडा पुष्कळदा एकमेकांच्या शेजारी येतात. समोरच्या आजोबांनी विचारलं, "तुम्हीबी डोंगरावरच का?" म्हटलं, नाही, मावशीकडे निघालोय, आमचाही सण आहे. त्यांनी एवढंच ऐकलं आणि फडक्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. सण कुठला हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मिरजेत गाडी बराच वेळ थांबली. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं. मावशीचं नर्सिंगचं शिक्षण मिरजेचंच. आमच्या घराण्यातली नोकरी करणारी ती पहिली बाई. आज तिच्या घरातच पेशंट आहे. काकांची किडनी साखरेनं घालवली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं.

घरी पोचलो तेव्हा काका झोपले होते. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यात काही उरत नाही. मावशी हळू आवाजात म्हणाली, "आलास व्हय? हात धू, मी वाढतो." कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल 'येतो, करतो' असंच बोलतात. पुण्यात वाढलेल्या माझ्या बायकोला त्याचं अजून हसू येतं.

जेवताना दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. काका निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीनं रेघा मारल्यात. एक ऑगस्ट २०१९ ची, दुसरी जुलै २०२१ ची. घर शाहूपुरीच्या सखल बाजूला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ ला त्याहीपुढे. दोन्ही वेळा गाद्या, कपाट, शिलाई मशीन सगळं चिखलात. पलीकडे कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती तयार होत्या, त्यांचीही तीच गत झाली. २०१९ ला तालमीची पोरं छातीभर पाण्यातून येऊन दोघांना बाहेर काढून घेऊन गेली. २०२१ ला मावशी आधीच बाहेर पडली होती. "एकदा शिकलो की," म्हणाली.

रेघांच्या वर कागदावर उतरवलेलं एक वचन चिकटवलंय. रंग उडालाय, पण अक्षर काकांचं, वळणदार. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत म्हणतो ते: ऊठ, खा, वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. वचनं भिंतीवर बहुतेक ख्रिस्ती घरांत असतात, पण ती सहसा विजयाची, आशीर्वादाची असतात. हे वचन कुणाच्या घरी पाहिलेलं मला आठवत नाही.

गुरुवार

सकाळी काका ताजेतवाने. दोन डायलिसिसमधला दिवस त्यांचा चांगला जातो. मला म्हणाले, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जा आणि तो छोटा समुद्रदेव बघून ये. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथे ठेवली आहे. ग्रीकांचा हा समुद्राचा देव रोमन काळात व्यापाऱ्यांबरोबर इतक्या लांब आला. वीतभराची मूर्ती, पण उभं राहण्याची ऐट बघावी.

काकांनी मला तिथे का धाडलं ते काचेसमोर उभं राहिल्यावर समजलं. ज्या समुद्राचा हा देव, त्याच समुद्रावर प्रेषित पौल फिरत होता, आणि त्याच शतकांच्या आसपास. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या हालांची यादी देतो. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा गलबत फुटलं, एक रात्र आणि एक दिवस भर समुद्रात. लगेच पुढच्या अध्यायात शरीरातल्या काट्याची गोष्ट येते. काटा काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते असं की माझी कृपा तुला पुरे आहे. ही ओळ आमच्या लोकांनी कॅलेंडरांवर इतकी छापलीय की ते उत्तर म्हणजे मुळात नकार होता हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

तिथून न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते, १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढे शाळांच्या प्रश्नावरून त्यांचं आणि त्यांच्या बोर्डाचं बिनसलं, तेव्हा काही वर्षं कुठल्याच संस्थेचा आधार नसताना त्यांनी इथलं काम रेटलं. १८७० च्या सुमाराला ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. वायल्डर अमेरिकेला परतले आणि १८८७ साली तिकडेच वारले. मुलगी ग्रेस मात्र परत आली आणि इस्लामपूरकडे राबली. अशा माणसांचं चरित्र लिहिताना सगळा मामला शौर्याचा करून टाकायची आपल्याकडे खोड आहे. मला मात्र त्या मधल्या वर्षांचं कुतूहल वाटतं, जेव्हा पगार कुठून येणार ते माहीत नव्हतं आणि शाळेची घंटा तर रोज वाजवायची होती.

रात्री प्रभुभोजनाची उपासना. अटकेच्या आधी येशूनं गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचा उतारा पाळकांनी लूकमधून वाचला. प्याला माझ्यापासून दूर कर अशी प्रार्थना चारपैकी तीन शुभवर्तमानांत आहे. पण स्वर्गातून देवदूत आला आणि त्यानं येशूला शक्ती दिली, हे एकटा लूक सांगतो. त्या ओळी काही जुन्या हस्तलिखितांत नाहीत, असं पाळकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला त्या ओळी हव्या आहेत. कारण क्रम बघा. देवदूत येतो, बळ देतो, आणि त्याच्या पुढचंच वाक्य यातनेचं आणि रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचं आहे. मदत आली तरी प्याला हलला नाही. मदत आली ती आणखी कळकळीनं प्रार्थना करता यावी एवढ्यासाठी.

घरी येताना चंद्र पुरा होता. रस्त्यात डोंगरावरून परतणारे ट्रॅक्टर, माणसं नखशिखान्त गुलाबी.

शुक्रवार

उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन. काकांची डायलिसिसची पाळी साडेअकरा ते साडेतीन. पाळी बदलून मिळेल का म्हणून मावशीनं महिनाभर आधी विचारून ठेवलं होतं. मशीन मोजकी, माणसं जास्त, शिवाय योजनेतून उपचार घेणाऱ्यांचं वेळापत्रक ठरलेलं. नाही मिळाली. मावशीला म्हटलं, तू चर्चला जा, मी बसतो काकांजवळ. ती आधी तयार होईना. मग म्हणाली, "आठवणीनं त्यांच्या डाव्या हाताला धक्का लावू नको."

डाव्या हातात फिस्टुला. शीर आणि रोहिणी जोडून केलेली ती फुगीर जागा हाताला लागते तेव्हा आत सतत गुरगुर जाणवते. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, त्यानं ओझं उचलायचं नाही. आधी काट्यावर वजन. गेल्या वेळेपासून शरीरात किती पाणी साठलं ते वजनावरून काढतात आणि तेवढं मशीन ओढून घेतं. मग दोन जाड सुया. काका त्या वेळी खिडकीकडे बघतात. इतक्या वर्षांनंतरही सुई जाताना त्यांचा उजवा पाय आखडतो.

वॉर्डात आठ-दहा खाटा. एका पोरसवदा मुलाच्या खाटेवर गुलालाचे डाग. रात्रीच डोंगरावरून आला होता, त्याची आई त्याला चढल्याबद्दल बोलत होती. पलीकडे एक हाजी. ही मंडळी आठवड्यातून तीनदा भेटतात, त्यामुळे एकमेकांचं सगळं ठाऊक. काकांनी बहुतेकांची चित्रं काढली आहेत. उजवा हात मोकळा असतो ना. वही पोटावर टेकवून चार तास पेन्सिल चालते.

चर्चची उपासना मोबाइलवर थेट दिसत होती. काकांनी इयरफोनची एक बाजू स्वतःच्या कानात घातली, एक मला दिली. वधस्तंभावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सात वक्ते. पहिल्यानंच इतका वेळ खाल्ला की पुढच्या सहांच्या तोंडावर काळजी दिसायला लागली. काका पुटपुटले, "क्षमेवर बोलतोय म्हणून क्षमा."

चौथा उद्गार आला. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? वक्त्यांनी घाईघाईनं सांगितलं की बावीसावं स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळतं. खरं आहे ते. काकांनी मात्र इयरफोन काढला आणि म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीवं वाच बघू." मी वाचलं. हे स्तोत्र कुठेच वळत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा माणूस शेवटच्या ओळीतही अंधारातच आहे. २०२१ च्या पुरानंतर वर्षभर आपण हेच म्हणत होतो, असं काका म्हणाले. घर वाळत नव्हतं, तेव्हाच किडनीचा रिपोर्ट आला, मुलगा मस्कतला, विमानं नीट सुरू नव्हती. "स्तुतीचं तोंडात यायचं नाही. पण तक्रारसुद्धा त्याच्याकडेच करत होतो. दुसऱ्या कुणाकडं गेलो नाही."

चिकाटी म्हणून जे आपण व्यासपीठावरून शिकवतो त्यात दात-ओठ खाऊन हसतमुख राहणं फार असतं. या खाटेवर जे दिसलं त्यात हसतमुख राहणं नव्हतं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी येऊन काट्यावर उभं राहणं होतं. रोमकरांस पत्रात संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा असा जो क्रम आहे, तो वाचताना मला नेहमी वाटायचं की पौलानं आशा फारच शेवटी ठेवली. इथे बसल्यावर वाटलं, बरोबर ठेवली. आधी धीर लागतो. आशेचं नंतर बघता येतं.

पाचवा उद्गार: मला तहान लागली आहे. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. चहा, आमटी, ताक, सगळं त्या मापातच बसवायचं. एप्रिलच्या कोल्हापुरात. मावशी सकाळी छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवते, ती संपली की संपली. फार झालं तर बर्फाचा खडा चघळायचा, कारण तो तोंडात जास्त वेळ राहतो. या उद्गारावर मी चांगली चांगली प्रवचनं ऐकली आहेत. आत्म्यांची तहान, नीतिमत्त्वाची तहान. काका म्हणाले, "यांना घशाची तहान कळत नाही म्हणून आत्म्याच्या तहानेवर जातात. त्याला पाणीच पाहिजे होतं." मग थोड्या वेळानं, "मला बरं वाटतं ते वाक्य. त्यालाही ठाऊक आहे."

सिस्टर बीपी बघायला आली. बीपी उतरलं होतं, पायात गोळे येत होते. तिनं मशीन कमी केलं, पाय वर घेतले. मी पोटऱ्या चोळत बसलो, त्यात सहावा आणि सातवा उद्गार ऐकायचे राहिले. पलीकडचे हाजी आपल्या खाटेवरून सांगत होते, पंजा वर ओढा, पंजा वर. त्यावरून कुरेनेकर शिमोनाची आठवण झाली. शेतावरून येत होता, शिपायांनी धरला आणि वधस्तंभ खांद्यावर दिला. त्या दिवशी येशूच्या खांद्याला टेकू मिळाला तो अशा एका अनोळखी माणसाचा, आणि तोही जबरदस्तीनं. तिथे देवदूत कुणी आला नाही.

शनिवार

मावशीबरोबर कोडोलीला. वारणानगरला लागून असलेलं हे गाव मिशनचं जुनं ठाणं. ख्रिस्ती हॉस्पिटल आहे, आणि ख्रिस्ती वस्ती मोठी. आजीची कबर इथे आहे. रविवारी पहाटे लोक कबरस्तानात मेणबत्त्या लावायला येतात, म्हणून शनिवारी झाडलोट, चुना, फुलं. बायकापोरांची जत्राच. मावशीनं पदर खोचला, कबरीवरचं गवत उपटलं आणि उपटता उपटता मला एक हकिकत सांगितली.

काकांचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी बाहेरून आलेला एक प्रचारक घरी आला. प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाला की मशीन बंद करा, तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून बरं वाटत नाही. मावशीनं त्याला चहा दिला. चहा पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मी तीस-पस्तीस वर्षं माणसं मरताना बघितलो. विश्वासानं मेलेली बघितलो, विश्वास नसून बरी झालेली बघितलो. तुम्ही आता उठा." त्याचं नाव मी विचारलं, तिनं सांगितलं नाही. "असल्यांना प्रसिद्धी कशाला?"

तिनं त्याच्यासमोर इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय उघडायला हवा होता असं मला वाटतं. विश्वासवीरांची ती यादी. कुणी राज्यं जिंकली, कुणी सिंहांची तोंडं बंद केली. आणि पस्तीसाव्या वचनाच्या मध्यावर गाडी एकदम रूळ बदलते: दुसऱ्या कित्येकांचे हाल झाले, कुणाला करवतीनं चिरलं, कुणी गुहांतून भटकले. तीच यादी, तोच विश्वास.

भिंतीवरच्या वचनाबद्दल विचारलं तेव्हा मावशी म्हणाली की ते तिनंच लावायला सांगितलं. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून एलीया ईजबेलीच्या धमकीला घाबरून रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, मला मरू दे. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. उठवलं ते निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवून. खाऊन तो परत झोपला, तेव्हा पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. त्यानंतर होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस आणि चाळीस रात्री त्याला चालायचंच होतं. "आम्ही नर्सा हेच करायचो. झोपवायचं, खायला घालायचं, उठवायचं," मावशी म्हणाली. पुराच्या वर्षी मंडळीतल्या एका घरानं या दोघांना खोली दिली, समोरच्या मुसलमान शेजारणीनं पंधरवडाभर डबा दिला. डबा आल्यानं पाणी उतरलं नाही. रोजचा दिवस तेवढा निघायचा.

परतताना पन्हाळ्याला जायचं मनात होतं. ऊन इतकं होतं की दोघांनीही विषय काढला नाही.

रविवार

पहाटे चारला उठून कबरस्तान, मग चर्च. काका खुर्चीवर बसून गायले. आवाज अजून खणखणीत. 'प्रभू उठला आहे' म्हणून जो तो हात हातात घेत होता, आणि मावशी मध्येच उभी राहून सांगत होती, उजवा घ्या, उजवा.

उठलेल्या येशूचं मला सगळ्यात आवडणारं काम योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. रात्रभर जाळं टाकून शिष्य दमून किनाऱ्याला येतात, तर यानं निखारे पेटवून मासे आणि भाकर भाजून ठेवलीय. या, न्याहारी करा, म्हणतो. पेत्राशी जे काही बोलायचं होतं ते सगळं न्याहारीनंतर.

आमची न्याहारी म्हणजे कोल्हापूरच ते. मटण, तांबडा, पांढरा. घरी वीसएक माणसं. वॉर्डातला गुलालवाला मुलगाही आईबरोबर आला होता. त्याला आणि काकांना रस्सा वर्ज्य, कारण मीठ आणि पाणी दोन्ही. दोघांना सुकं मटण आणि भाकरी वाढली. मस्कतहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, त्याला सगळ्यांनी वाट्या दाखवून छळला.

सोमवार

शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब खंड, म्हणून सोमवारी वजन जास्त भरतंच. पण काटा अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. सिस्टरनं आकडा लिहिला आणि चष्म्यावरून बघितलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे.

"पांढरा," काका म्हणाले. "अर्धीच वाटी. तुम्ही सगळे हिला फोन दाखवत होता तेव्हा."

"अर्धी वाटी एवढी भरते व्हय?" मावशी.

"मग वाटी मोठी असंल."

सिस्टरनं आजची पाळी अर्ध्या तासानं वाढवली. माझी गाडी चुकणार होती म्हणून मी रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट बघायला लागलो, आणि काकांनी खिडकीकडे तोंड करून डावा हात पुढे केला.